फ्लॅशच्या डोळ्यावरचा रुमाल

"आधी बघ, मग दाब."

हे आमच्या आत्याचं वाक्य. फोटोपुरतं ते कधीच नव्हतं. बाजारात टोमॅटो निवडणाऱ्या बाईला ती हेच सांगायची, दारावरची बेल वाजवून पळणाऱ्या पोरांना हेच. माझ्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा बहिणीने चेष्टेत विचारलं, "आत्या, नवऱ्याला ताब्यात कसं ठेवायचं गं?" तर तिलाही हेच. बहीण हसून हसून लोळायची बाकी राहिली. आत्या हसली नाही. दुसऱ्यांनी हसायला तिची हरकत नसायची, पण ती स्वतः बोलायची ते सुईत दोरा ओवताना माणूस जसा गंभीर असतो तशा चेहऱ्याने.

बुटकी, रुंद खांद्यांची बाई. पाऊल टाकलं की ते जमिनीने ओळखावं असं टाकायची. गावात तिला सगळे वीजबाई म्हणत, कारण जिथे ती जाई तिथे लखकन उजेड पडे. पण हे नाव तिला फार उशिरा मिळालं, आणि फुकट मिळालं नाही. ते कसं मिळालं तेच सांगतो.

स्टुडिओ खरा आतोबांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा. वळणावरच्या दुकानांच्या ओळीत एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला आतोबांच्या धाकट्या भावाचं रंगाचं दुकान, आणि मध्ये स्टुडिओ. आत एक स्टूल, मागे ढगांचा रंगवलेला पडदा, कोपऱ्यात गिऱ्हाइकांनी केस नीट करावेत म्हणून आरसा, आणि कोणी पळवू नये म्हणून दोरीने खिळ्याला बांधलेला कंगवा. मागे डार्करूम. तिथे दोन माणसं उभी राहिली तर एकाने श्वास सोडल्यावर दुसऱ्याने घ्यावा, एवढीच जागा.

आत्या लग्न होऊन आली ती त्या डार्करूममध्येच मोठी झाली म्हणा. रोल धुणं, प्रिंट काढणं, निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने चेहऱ्याच्या सुरकुत्या भरणं, हे सगळं तिचं. गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी उचलून नीट करणं हेही तिचं. पण कॅमेऱ्याला ती हात लावत नसे. कोणी मनाई केली होती असं नाही. आतोबांनी जशी कधी सुई हातात घेतली नाही, तसा तिने कॅमेरा घेतला नाही, इतकंच.

आतोबांच्या फोटोंची एक खूण होती. फ्लॅशच्या तोंडावर ते एक पांढरा सुती रुमाल बांधत. धुऊन धुऊन विरलेला, सायीसारखा मऊ. त्यातून उजेड गाळून यायचा आणि चेहरे लोण्यासारखे दिसायचे. बायका म्हणत, "त्यांच्या फोटोत माणूस दहा वर्षांनी लहान दिसतो." आतोबा म्हणत, "मी काही करत नाही, रुमाल करतो." आणि मान खाली घालून हसत. माणसाला आपली एखादी गोष्ट माहीत असली की तो असा हसतो.

मग एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून सुटला. कप फुटला ते सगळ्यांना ऐकू आलं. त्याच वेळी आतोबांच्या अंगाची उजवी बाजू गेली. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा तो हात मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा, दुसऱ्या कोणाची वस्तू आपल्यापाशी ठेवायला दिल्यासारखा. शब्दही हरवले. शोधून शोधून एकेक बाहेर काढावा लागे.

त्याच आठवड्यात आत्याने स्टुडिओचं दार उघडलं, आतोबांची खुर्ची उंबऱ्याशी मांडली आणि कॅमेरा गळ्यात घातला.

शिंपी डोकावला. "वहिनी, आता फोटो कोण काढणार?"

"मी."

"तुम्हाला येतं?"

"येईल."

त्यानंतर तिने दार लावलं नाही.

आतोबांचा जुना फ्लॅश साधा होता. त्याला एकच जोर ठाऊक, हलका नाही की भारी नाही. म्हणून आतोबांनी एक दोरी ठेवली होती, गाठी मारलेली. माणूस पहिल्या गाठीवर बसला तर लेन्सचं तोंड एवढं, दुसऱ्या गाठीवर बसला तर तेवढं. आत्या ती दोरी धरून शिकली. पण एका शाळेच्या बक्षीस समारंभात त्या फ्लॅशने फट् आवाज केला, करपल्याचा वास सोडला आणि प्राण सोडला.

नवा आणला त्याला डोळा होता. खरंच डोळा, फ्लॅशच्या समोरच्या अंगाला, दिव्याच्या खाली, वाटाण्याएवढा काचेचा. दुकानदार म्हणाला, "बाई, आता दोरी विसरा. ह्याचा उजेड समोरच्या माणसावर जातो, आपटून परत येतो. हा डोळा तो परत आलेला उजेड मोजतो. पुरेसा झाला की आपला आपण थांबतो. पापणी लवायच्या आत सगळा हिशेब."

"आणि मी काय करायचं?"

"इथे दोन रंगांच्या खुणा आहेत. माणसं जवळ असली की पिवळी, लांब असली की लाल. जी लावाल तिच्यासमोर लिहिलंय तेवढं लेन्सचं तोंड ठेवा. बाकी तो बघतो. मागे हिरवा दिवा लागला की समजायचं, उजेड पुरला. फक्त ह्या डोळ्यावर बोट ठेवू नका."

खोक्यातल्या माहितीपत्रकावरही तेच चित्र होतं: डोळ्यावर एक बोट आणि त्यावर मोठी फुली. आत्याने ते चित्र नीट पाहिलं. घरी आली, फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवला आणि त्याच्या तोंडावर आतोबांचा रुमाल बांधला. त्यात विचार करण्यासारखं तिला काही वाटलं नाही. भांड्यावर झाकण ठेवताना कोण विचार करतं?

मी त्या वेळी पिठाच्या गिरणीत पोत्यांची तोंडं शिवण्याच्या मशीनवर होतो. गिरणी म्हणजे कोपऱ्यावरची चक्की नव्हे. चार मजली, दिवसभर हुंकारणारी. तिचं जुनं दालन बंद व्हायचं होतं. निम्मी माणसं नव्या यंत्रांवर दूर जाणार होती, काही कायमची घरी. घरी जाणाऱ्यांत आमचे मोठे मुकादम होते. त्यांच्या भुवया बारा महिने पिठाने पांढऱ्या असत. शेवटी शेवटी त्या खरोखरच पांढऱ्या झाल्या आणि कोणाला कळलंही नाही. मॅनेजरांनी ठरवलं, जुन्या यंत्रांसमोर सगळ्यांचा एक फोटो व्हावा. काम आत्याला दिलं, कारण आजवर ते आतोबांना दिलं जाई.

तो फोटो बिघडला. थोडाथोडका नाही. दालन काळं, यंत्रं काळी, आणि आम्ही सगळे त्यात काजळीच्या पुतळ्यांसारखे. मॅनेजर प्रिंट हातात धरून म्हणाले, "बाई, हा गिरणीचा फोटो आहे की गिरणीवर पडलेल्या दरोड्याचा?"

सगळे हसले. मीही हसलो. मुकादम हसले नाहीत. त्यांनी प्रिंट उजेडाकडे धरली, जवळ नेली, लांब नेली आणि हळूच विचारलं, "ह्यात मी कुठे आहे गं बाई?"

आत्याने बोट ठेवून दाखवलं. तिनेही टोपीवरूनच ओळखलं होतं. ते बोट तिने उचललं तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. ज्या बाईने आयुष्यभर लोकांचे चेहरे उजळ केले, तिला एका म्हाताऱ्याला त्याचा चेहरा टोपीवरून शोधून द्यावा लागला होता.

मॅनेजर माणूस वाईट नव्हते. म्हणाले, "शनिवारी शेवटची पाळी सुटेल तेव्हा एकदा उभं राहता येईल. त्यानंतर ही माणसं एका जागी मिळणार नाहीत. सांगा, शहरातून कोणाला बोलावू?"

"मी येते," आत्या म्हणाली.

ही बातमी स्टुडिओत तिच्या आधी पोचली होती. रंगवाले दीर काउंटरला टेकून उभे होते, बोटांना निळा रंग लागलेला. जागा दोघा भावांची मिळून होती, आणि रंगाचे डबे ठेवायला त्यांना ती कधीची हवी होती.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पण आपल्याला पोहायला येत नसेल तर काठावर बसण्यात कमीपणा नाही."

"मी काठावर नाही भाऊजी. पाण्यातच आहे."

"तेच म्हणतोय. गिरणीचा फोटो गेला म्हणजे शाळेचा जाणार, मग सगळेच जाणार. दादाला मी काही कमी पडू देणार नाही. जागा मला द्या, भाडं देईन."

आतोबा खुर्चीत बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होते. तोंड उघडलं, शब्द सापडला नाही, पुन्हा मिटलं.

आत्याने गळ्यातून कॅमेरा काढून काउंटरवर ठेवला. "शनिवारचा फोटोही असाच आला तर किल्ली मी स्वतः तुमच्या हातात देईन. चांगला आला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

"अहो, पैज कशाला लावता?"

"कबूल का नाही ते बोला."

"कबूल," दीर म्हणाले, आणि जाता जाता काउंटरवर निळं बोट उमटवून गेले. आत्याने ते लगेच पुसलं.

मी तिला एक साधी गोष्ट सुचवली. "आत्या, ह्या फ्लॅशला डोळा बंद करून पूर्ण जोराने उडवायची सोय आहे ना? तसा उडव आणि दोरी काढ जुनी."

"तुझ्या आतोबांनी त्या दोरीच्या गाठी ह्या फ्लॅशसाठी मारल्यात का? तो जोर वेगळा, हा वेगळा. शिवाय पूर्ण जोराने उडवला की पुन्हा भरायला इतका वेळ घेतो की तुमच्यातले अर्धे पापण्या मिटतील आणि उरलेले जांभया देतील." मग फ्लॅश हातात उलटासुलटा करत म्हणाली, "आणि ज्याच्याशी संसार करायचा त्याचा स्वभाव कळायला नको? दुकानदार म्हणाला, तो बघतो. काय बघतो ते मला बघायचंय."

माझी दुपारची पाळी होती. सकाळी मी स्टुडिओत जाऊन बसू लागलो, स्टूल सरकव, दार धर, अशा कामांना. आत्याने आधी सेल बदलले. लेन्स पुसली. खुणा पुन्हा पुन्हा वाचल्या. एक रोल आतोबांवर खर्च केला, धुतला. सगळा पातळ, धुरकट. निगेटिव्ह पातळ म्हणजे उजेड पोचलाच नाही.

"पडतो तर लख्ख," ती म्हणाली, "मग जातो कुठे?"

ती कॅमेरा गळ्यात घेऊन तशीच विचार करत उभी होती, आणि समोर आरसा होता. नकळत तिने फ्लॅशचं चाचणीचं बटण दाबलं. आरशात लखकन झालं. ती थबकली. पुन्हा दाबलं. मग जवळ गेली, नाक आरशाला लागेल इतकी, आणि तिसऱ्यांदा दाबलं.

"अरे देवा," ती म्हणाली.

"काय गं?"

"अहो, इकडे बघा! ह्याच्या डोळ्यावर पट्टी बांधून मी ह्याला आंधळी कोशिंबीर खेळायला लावतेय!"

मी पाहिलं. रुमाल दिव्यावर होता, तसाच खाली डोळ्यावरही आलेला होता. जुन्या फ्लॅशला डोळाच नव्हता, त्यामुळे रुमाल कितीही खाली आला तरी बिघडायचं काही नव्हतं. इथे उजेड सुटला की आधी तो रुमालच पेटल्यासारखा पांढरा व्हायचा, आणि डोळ्याला आपल्या पापणीवरचं ते पांढरं कापड दिसायचं. त्याला वाटायचं, वा, काय उजेड पडलाय! पुरे झालं. आणि तो थांबायचा. समोर माणसं अंधारात बसलीत ह्याची त्या बिचाऱ्याला गंधवार्ता नाही. माहितीपत्रकावर बोट होतं, रुमाल नव्हता. ते छापणाऱ्याला आमच्या आतोबांचा रुमाल कुठून ठाऊक असणार?

आत्याने गाठ सोडली. तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला. कितीतरी वेळ शोधून काढलेला.

"रुमाल... नको?"

आत्या वळली. आतोबांचे डोळे त्या कापडावर होते. हात गेला, शब्द गेले, स्टुडिओत त्यांचं म्हणून एवढंच उरलं होतं, आणि बायको तेही उतरवत होती. मी जमिनीकडे बघायला लागलो.

आत्या त्यांच्यापाशी गेली, उकिडवी बसली आणि फ्लॅश त्यांच्या मांडीवर ठेवला. "नको कशाला? चुकीच्या जागी होता. हे बघा, हा दिवा, हा डोळा. दिव्यावर राहू दे, डोळा उघडा ठेवू. रुमाल जेवढा उजेड खाईल तेवढा हा वरून देईल. माणसावर पुरेसा पडल्याशिवाय थांबणारच नाही. तुमचा रुमाल आणि ह्याचा डोळा, दोघांचं जमेल. तुम्ही बांधा."

आतोबांनी डाव्या हाताने रुमालाची दुमड घातली. एक टोक दातांत धरलं. गाठ बसायला बराच वेळ लागला. आत्याने मदत केली नाही, मलाही डोळ्यांनी दटावलं. डोळा उघडा राहिला होता, अगदी काठाकाठाने.

पुढचा रोल बरा आला. मी म्हणालो, "झालं! सुटलीस."

"आधी बघ," ती म्हणाली. "गिरणीत रंग कोणता?"

"कशाचा?"

"सगळ्याचा."

मी विचार केला. भिंती पांढऱ्या, पोती पांढरी, आमचे कपडे पांढरे, हवा पांढरी. "पांढरा."

तिने आतोबांच्या मागे आणि मांडीवर पांढऱ्या चादरी पसरल्या. आतोबा म्हणाले, "मेलो... का... मी?" ते त्या दिवसातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य. आत्या म्हणाली, "गप्प बसा, हलू नका." फोटो काढला. मग चादरी काढून काळी शाल आणि शिंप्याकडचं काळं कापड पसरलं. तीच खुर्ची, तेच आतोबा, तेच अंतर, तीच खूण. पुन्हा फोटो.

प्रिंटा शेजारी शेजारी वाळत घातल्या तेव्हा शिंपीसुद्धा बघायला आला. पांढऱ्यातले आतोबा सावळे, थकलेले, आणि चादर मळकी. काळ्यातले आतोबा मात्र चुन्याने रंगवल्यासारखे. नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो ते कळेना.

"एकाच माणसाचे हे दोन भाऊ वाटतात," शिंपी म्हणाला.

आत्या बराच वेळ बघत राहिली. मग सावकाश बोलली, जणू त्या फ्लॅशचीच समजूत काढत होती. "ह्याला पांढरं-काळं ठाऊकच नाही. ह्याला सगळं जग राखेच्या रंगाचं वाटतं. पांढरं दिसलं की म्हणतो, उजेड फार झाला, आणि लवकर थांबतो. काळं दिसलं की म्हणतो, पुरला नाही, आणि ओततच राहतो. खोटारडा नाही तो. मोजतो नीट. पण समोर पीठ आहे का कोळसा, ते त्याला कोणी सांगितलेलं नाही."

"मग सांगायचं कसं?" मी विचारलं.

"सांगायचं नाही. त्याच्या पाठीमागून करायचं." तिने लेन्सचं कडं धरलं. "डोळा फ्लॅशला आहे, लेन्सला नाही. लेन्सचं तोंड मी किती उघडलंय हे त्याला दिसत नाही. खुणेने सांगितलं त्यापेक्षा एक घर जास्त उघडायचं. तो त्याच्या हिशेबाने थांबेल, माझ्याकडे उजेड दुप्पट येईल."

"म्हणजे फसवायचं?"

"संसार," आत्या म्हणाली. खुर्चीतून आतोबा हसले, अर्ध्याच ओठांनी, पण आवाज करून.

शनिवारी पाळी सुटली. आम्ही कपडे झटकले, त्यामुळे होतं तेही पीठ हवेत उडालं. जुन्या यंत्रांसमोर बाकं लावली, मोठे मुकादम मध्ये बसले, आम्ही शिवणकामवाले मागच्या रांगेत. खिडक्यांच्या काचांवर वर्षानुवर्षांचा थर, त्यातून येणारा उजेड ताकासारखा. मॅनेजर घड्याळ बघत होते. बाहेर ट्रक उभा होता आणि काही माणसं त्याच ट्रकने जाणार होती. दाराशी रंगवाले दीरही आले होते. "सहज आलो," म्हणाले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

आत्याने स्टँड लावला आणि हात बांधून उभी राहिली.

"बाई, काढा ना," मॅनेजर म्हणाले.

"पीठ बसू दे."

"ते कसलं बसतंय? ही गिरणी आहे."

"बसेल. तुम्ही पाय आपटू नका."

मागून कोणीतरी खिदळलं. मॅनेजरांनी पाय जागच्या जागी ठेवले. मला कळत होतं ती कशासाठी थांबलीय. हवेतला एकेक कण फ्लॅशपुढे काजव्यासारखा चमकतो, आणि तो वाटाण्याएवढा डोळा त्या काजव्यांनाच माणसं समजून बसतो. हळूहळू हवा निवळली. इतक्या वर्षांत मी ते दालन असं शांत पाहिलं नव्हतं. समोरच्या भिंतीवरची भेगसुद्धा दिसायला लागली.

आत्याने लाल खूण लावली आणि चाचणीचं बटण दाबलं. लखकन झालं. तिने मागे पाहिलं. हिरवा दिवा लागला नाही.

पुन्हा दाबलं. नाही लागला.

स्टुडिओत आतोबा हाताच्या अंतरावर होते, इथे दोन रांगा, आणि सगळे मावायचे तर तिला मागे सरकावंच लागणार. एवढ्या लांब पोचायला फ्लॅशने असेल नसेल तो जोर लावला, तरी रुमाल त्यातला वाटा खाऊन टाकत होता. दीर मान लांब करून बघत होते. त्यांना दिव्याचं काही कळत नव्हतं, पण वहिनीचा चेहरा कळत होता.

तिने फार विचार केला नाही. बोटं गाठीवर गेली. आतोबांनी दातांनी आवळलेली ती गाठ, सुटेना. तिनेही दात लावले. सुटली. रुमालाची नीट घडी घालून तिने तो कमरेला खोचला. मग वर पाहिलं, छताकडे, भिंतींकडे, पोत्यांच्या थप्प्यांकडे. सगळीकडे पांढरं. मला तिने नंतर सांगितलं, तेव्हा तिला वाटलं, इथे रुमालाचं काम भिंतीच करतील. उजेड चहूकडून आपटून येईल तेव्हा त्याची धार आपोआप मोडेल.

बटण दाबलं. हिरवा दिवा लागला.

लेन्सचं कडं एक घर फिरवलं. "मुकादम, हनुवटी वर. अजून. पिठाकडे बघता तसं माझ्याकडे बघा."

"पिठाकडे मी रागाने बघतो," मुकादम म्हणाले.

"मग तसंच बघा."

सगळे हसले आणि त्या हसण्याच्या शेवटी, तोंडं मिटता मिटता, तिने दाबलं. मग पुन्हा. डोळ्याने जेवढा लागला तेवढाच उजेड खर्च केला होता, त्यामुळे फ्लॅश चटकन भरत होता. तिने आणखी काही फोटो काढले आणि म्हणाली, "झालं. जा."

डार्करूमच्या दाराबाहेर मी, दीर, शिंपी आणि खुर्चीत आतोबा. आत पाण्याचा आवाज. दीर म्हणाले, "किल्ली कुठे असते रे?" मी म्हणालो, "खिळ्याला. कंगव्याशेजारी." त्यांनी तिकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. माणूस अगदीच निर्लज्ज नव्हता.

आत्या ओला रोल लोंबकळत धरून बाहेर आली, दारातल्या उजेडात. दीर पुढे झाले. "हे काय! हे तर सगळे काळे ठिक्कर!"

"निगेटिव्ह आहे भाऊजी. उलटं असतं."

"मग चांगलं का वाईट?"

तिने आतोबांसमोर रोल धरला. आतोबांनी आयुष्यभर असे रोल पाहिले होते. नजर एका चौकटीवरून दुसऱ्या चौकटीवर गेली. भिंती दाट, कपडे दाट, आणि चेहऱ्यांत बारीक रेघासुद्धा वेगळ्या. मग त्यांनी विचारलं, "रुमाल?"

"काढला," ती म्हणाली. "पोचत नव्हतं." कमरेचा रुमाल काढून त्यांच्या चांगल्या हातात दिला.

आतोबा रुमालाकडे बघत राहिले, मग पुन्हा रोलकडे. शब्द शोधत होते. आम्ही थांबलो. "बरं... केलंस," ते म्हणाले.

आत्याने तोंड फिरवलं आणि उगीचच कंगव्याची दोरी सरळ केली.

मुकादमांना प्रिंट द्यायला मी गेलो होतो. त्यांनी ती उजेडाकडे धरली नाही, लांब नेली नाही. "भुवया खरंच पांढऱ्या झाल्यात की रे," म्हणाले. "मला वाटायचं पीठ आहे." मग प्रिंट शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवत "वीजबाईने काढलाय" म्हणत सुटले, आणि ते नाव गावभर झालं.

तो फोटो कोळशाच्या वखारीच्या मालकाने कुठेतरी पाहिला आणि निरोप धाडला: आमच्याही माणसांचा काढा, वखारीतच, सकाळच्या वेळी. जाण्याच्या दिवशी आत्या स्टँड खांद्यावर टाकत होती. दीर बाहेर शिडीवर चढून स्टुडिओची विटलेली पाटी नव्याने रंगवत होते. कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी उठून स्वतःच डबा घेऊन आले होते.

"वहिनी, वखारीत सगळं काळं. तिथे लेन्स अजून उघडणार ना?"

"नाही. तिथे एक घर मिटायची."

"हे असं उलटं का?"

"पाटी रंगवा भाऊजी. ओघळ येतोय."

ती निघाली. कॅमेरा गळ्यात, स्टँड खांद्यावर, फ्लॅशचा डोळा उघडा. शिंप्याच्या दुकानावरून गेली, वळणापाशी एक सायकलवाला मध्ये आला तशी थांबली, आधी त्याच्याकडे बघितलं, मग पाऊल टाकलं. दीर शिडीवरून बघत होते, ब्रश हवेतच. मी उंबऱ्याशी उभा होतो. आणि आतोबा खुर्चीत, डोक्यावर ऊन लागू नये म्हणून तो सायीसारखा रुमाल टाकून, ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले. ती दिसेनाशी झाल्यावरही त्यांनी मान वळवली नाही.